नदी आटते तेव्हा पाण्याचा हिशेब



वाशीमला पाऊस बरा पडतो, तरी नद्या होळीआधीच कोरड्या का पडतात, असे आपल्यापैकी अनेक जण विचारतात. उत्तर नकाशात आहे. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. काटा गावाजवळ उगम पावलेली काटेपूर्णा पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते, तर अडाण व अरुणावतीचे पाणी पैनगंगेतून पुढे गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाते. पैनगंगा सोडली तर वरून पाणी आणून देणारे कोणी नाही. खाली काळा पाषाण. मुरमात आणि भेगांत जेवढे मुरेल तेवढेच पुढे झिरपत नदीला मिळते.

नदी आटली की आंध वस्त्यांतल्या बाया पात्रात झिरे उकरतात. वाटी-वाटीने हंडा भरतो. ते पाणी उघडे असते, गुरेही तिथेच येतात, म्हणून जुलाबाचे रोगी वाढले की मी आधी झिऱ्याची चौकशी करतो.

आता हिशेब पाहा. एक एकर गव्हाला 6 सेंटिमीटरची एक पाळी दिली तर सुमारे 2 लाख 40 हजार लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनचे माणशी 55 लिटरचे माप धरले, तर 200 माणसांच्या वस्तीला ते जवळजवळ 22 दिवस पुरते. आणि गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात! शेतकऱ्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याचेही पोट त्यावरच आहे. पण डोहावर मोटारी किती आणि कधीपर्यंत चालतील, हे ग्रामसभेने दिवाळीतच ठरवायला हवे. हरभऱ्याला एक-दोन पाण्यांत भागते, हेही तिथेच बोलले जावे.

देणगीदार बहुधा बोअरवेल देऊ करतात. माझे मत निराळे आहे. पिण्याच्या विहिरीशेजारी खोल बोअर पडला तर विहीरच आटू शकते. म्हणून तर 1993 च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. इसहाकानेही आधी बापाच्या वेळच्या बुजलेल्या विहिरी उकरल्या (उत्पत्ती 26). जुन्या विहिरीचा गाळ काढणे, तिला कठडा बांधणे आणि कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाचा जोर ओसरताच बसवणे, यांना पैसे द्या. फळ्या बसवायला महिनाभर उशीर झाला, तर तेवढे दिवस वाहते पाणी पुढे निघून जाते, आणि नंतर बंधाऱ्यात अडवायला धार उरत नाही.