एक नाव, दोन नगरे

दक्षिण भारतात मुसी नदीच्या तीरावर हैदराबाद हे विख्यात नगर वसलेले आहे. याच नावाचे दुसरे एक मोठे नगर पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, सिंधू नदीजवळ आहे. ‘हैदर’ म्हणजे सिंह. हजरत अली यांच्या शौर्यामुळे त्यांना ही पदवी मिळाली. ‘आबाद’ म्हणजे वसलेले. दोन्ही नगरांचे नाव एक, त्याचा अर्थही एक. परंतु त्यांचा इतिहास मात्र निराळा आहे. घोटाळा होऊ नये म्हणून एकाला ‘हैदराबाद दक्खन’ व दुसऱ्याला ‘हैदराबाद सिंध’ असे म्हणण्याची रीत पडली.

कुतुबशाही सुलतानांची राजधानी प्रथम गोवळकोंड्याच्या किल्ल्यात होती. तेथे वस्ती दाट झाली आणि पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा महंमद कुली कुतुबशाहाने इ. स. १५९१ मध्ये मुसीच्या दक्षिण तीरावर नवे नगर वसविले. नगराच्या मध्यभागी चारमिनार उभारला गेला व त्याच्या चार कमानींपासून चार दिशांना रस्ते काढण्यात आले. जुन्या मराठी लेखनात या नगराला ‘भागानगर’ म्हटलेले आढळते. इ. स. १६७७ मध्ये शिवाजी महाराज व अबुल हसन कुतुबशाह यांची भेट येथेच झाली. पुढे हे नगर निजामांची राजधानी बनले.

पाण्याच्या ओढीने नगर नदीकाठी आले खरे. पण तीच नदी एके दिवशी कोपली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. घरे कोसळली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेऊन सुमारे दीडशे लोकांनी प्राण वाचविले. या संकटानंतर विख्यात अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. नगराच्या वरच्या अंगाला धरणे बांधून पुराचे पाणी अडवावे, असा उपाय त्यांनी सुचविला. त्यानुसार १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. ज्या पाण्याने नगर बुडविले, तेच आता नगराची तहान भागवू लागले!

सिंधमधील हैदराबादची कथा याच्या उलट आहे. तेथे उणीव पाण्याची नव्हती. पाण्याचेच भय होते. कल्होरो राजांची राजधानी खुदाबाद येथे होती. सिंधू नदी वारंवार आपले पात्र बदले व पुराचे पाणी वस्तीत शिरे. म्हणून गुलाम शाह कल्होरो याने १७६८ मध्ये नेरूनकोट या प्राचीन ठिकाणी, गंजो टक्कर नावाच्या टेकडीवर, पक्क्या विटांचा किल्ला बांधून नवी राजधानी वसविली. येथील उन्हाळा फार कडक. म्हणून लोकांनी घरांच्या छपरांवर उंच झरोके बांधले. नदीकडून येणारा वारा त्यांतून थेट खालच्या खोल्यांत उतरत असे.

१८४३ मध्ये मियाणीच्या लढाईत इंग्रजांनी सिंधच्या अमिरांचा पराभव केला व राजधानी कराचीला नेली. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. त्या वेळी असंख्य सिंधी हिंदू कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. सिंधमधून आलेल्या अशा हजारो निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा घेतला. तेथेच आजचे उल्हासनगर उभे राहिले. इकडून गेलेली अनेक मुसलमान कुटुंबे सिंधमधील हैदराबादेत स्थायिक झाली.

दक्खनचे हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता. २०१४ पासून हैदराबाद ही तेलंगणाची राजधानी आहे.

आज या दोन नगरांमध्ये देशांची सीमा आहे. तरीही एक गंमत अशी, की दोन्ही नगरे बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या चमकतात, तर सिंधच्या हैदराबादेत कारागीर भट्टीपुढे बसून काचेच्या बांगड्या घडवितात. राजाने दिलेले नाव एका दिवसात मिळते. नगर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी घडते.

स्वाध्याय

१. दोन्ही राजधान्या आपली जुनी जागा सोडून नव्या जागी का गेल्या? दोन्ही कारणांतील फरक सांगा.
२. १९०८ च्या महापुरानंतर कोणता उपाय योजण्यात आला?
३. उल्हासनगर कसे वसले?
४. तुमच्या गावाच्या नावाचे दुसरे गाव नकाशात शोधा व त्याची माहिती लिहा.