आतुर बालकाचे पालक आणि धूम्रपानत्याग : वैद्याचे कर्तव्य

दीर्घकाळ आजारी असलेल्या बालकाला घेऊन येणारे आईवडील स्वतःसाठी आलेले नसतात. केसपेपर बालकाच्या नावाचा असतो, नाडी बालकाची पाहिली जाते, पथ्यापथ्यही बालकाचेच सांगितले जाते. वडिलांच्या सदऱ्याला येणारा विडीचा वास आपल्या लक्षात येतो; परंतु हा आपला रुग्ण नव्हे, शिवाय आधीच खचलेल्या माणसाला आणखी काय बोलावे, अशा विचाराने आपण बहुधा गप्प राहतो. हा संकोच बाजूस का ठेवावा आणि बोलायचे तर कोणत्या शब्दांत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के, तर कोणत्याही स्वरूपात तंबाखू सेवन करणाऱ्यांचे २६.६ टक्के होते. यावरून आपल्याकडे धुराचा प्रश्न किरकोळ आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच सर्वेक्षणात देशभरातील ३८.७ टक्के प्रौढांनी आपण घरात दुसऱ्याच्या धुराच्या सान्निध्यात येतो असे नोंदविले. ओढणारा घरात एकच असला तरी धूर सर्वांच्या वाट्याला येतो, आणि आजारी मूल तर दिवसाचे बहुतेक तास घरातच असते.

धूर आणि आतुर बालक

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असून त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगजनक ठरली आहेत. निरोगी बालकातही या धुरामुळे कर्णशोथ, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि तमकश्वासाचे वेग वाढतात. ज्याचे बल आधीच क्षीण झाले आहे त्याची स्थिती याहून नाजूक असते. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या बालकाच्या श्वेतपेशी वारंवार घटतात. अशा वेळी श्वासनलिकेचे संरक्षक आवरण धुराने दुबळे झाले तर साध्या पडशाचे पर्यवसान रुग्णालयात दाखल होण्यात होऊ शकते. जन्मजात हृदयविकारावर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर भूल देताना स्वरयंत्राचा आकस्मिक संकोच होण्याचा धोका धुराच्या सान्निध्यातील मुलांत अधिक असतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे काम करणाऱ्या वैद्यांना सिकलसेलचे रुग्ण नित्य पाहावे लागतात. त्या व्याधीतही घरातील धुराचा वेदनेच्या आवेगांशी संबंध आढळला आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, आणि पांडुग्रस्त बालकाकडे हिमोग्लोबिनचा साठा मुळातच तुटपुंजा असतो.

"डॉक्टर, मी पोराजवळ कधीच ओढत नाही, ओट्यावर जाऊनच ओढतो," हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यात खोटेपणा नसतो. त्या बापाने आपल्या परीने केलेला तो बंदोबस्त असतो आणि त्याची कदर करूनच पुढे बोलावे. मात्र दार-खिडकी उघडी ठेवल्याने किंवा शेजारच्या खोलीत ओढल्याने धूर पुरता टळत नाही. धुराचे सूक्ष्म कण सदरा, मिशा, गोधडी यांवर राहतात आणि मुलाला उचलून घेताना त्याच्यापर्यंत पोहोचतात. सोडण्याचा दिवस येईपर्यंत घराच्या आत आणि गाडीत मुळीच न ओढणे, ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन सदरा बदलणे, एवढे तरी पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे. याने धोका कमी होतो, संपत नाही, हेही सांगावे.

शास्त्राधार

‘धूमपान तर आपल्या शास्त्रातच सांगितले आहे’ असा युक्तिवाद काही पालक करतात. खेदाची गोष्ट अशी की क्वचित आपले व्यवसायबंधूही करतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वर्णिलेला प्रायोगिक धूम हरेणुका, प्रियंगु इत्यादी द्रव्यांच्या वर्तीचा असून त्याचे काळ व मात्रा ठरलेल्या आहेत. तमाखू या देशात पोर्तुगीजांच्या मार्फत फार नंतर आली. बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नाही. वाग्भटांनी तर अठरा वर्षांखालील व्यक्तीस औषधी धूमही निषिद्ध मानला आहे. जेथे औषधी धूम वर्ज्य, तेथे विडीचा धूर बालकाच्या नाकात जाऊ देण्यास कोणता आधार उरतो? पालकांना हा दाखला सांगावा. प्रयोगशाळेच्या आकड्यांपेक्षा तो त्यांच्या मनाला अधिक भिडतो.

याच ओघात थोडे कटू बोलणे भाग आहे. काश्यपसंहितेतील धूपनकल्पांचा आधार घेऊन आपण बालकाच्या खोलीत धूप घालावयास सांगतो. केमोथेरपी चालू असलेल्या अथवा तमकश्वासाच्या बालकाच्या खोलीत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल या तिन्हींना मज्जाव असावा. बापाची विडी बंद करून आपणच धूर सुचविला तर आपल्या शब्दाला वजन राहणार नाही.

बोलण्याची रीत

आजारी मुलाचे आईबाप रात्रंदिवस एकाच प्रश्नाने पोखरलेले असतात : आमच्या हातून काय चुकले? बालकांतील रक्ताच्या कर्करोगाचे कारण बहुतेक वेळा निश्चित सांगता येत नाही. तेव्हा ‘तुमच्या विडीनेच हे झाले’ असे वाक्य वैद्याच्या मुखातून कदापि जाऊ नये. ते शास्त्रदृष्ट्या निराधार आहे आणि व्यवहारात घातक आहे, कारण अपराधाच्या भावनेने तळमळणारा माणूस त्याच तळमळीत पुढची विडी पेटवितो. ‘पोर हवे असेल तर सोड’ अशी धमकीही मला सर्वस्वी गैर वाटते. ती त्या दिवसापुरती लागू पडते. नंतर पालक ओढणे लपवितो आणि आपल्याकडे येणेच टाळतो.

त्याऐवजी मुलाला बाहेर बसवून शांतपणे म्हणावे, "अहो, तुम्ही त्याच्यासाठी इतके करता आहात. आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि ती एकट्याने करायची नाही, मी बरोबर आहे. सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने लागते?" अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबित्व तीव्र समजावे. औषधांच्या खर्चात आणि फेऱ्यांत बुडालेल्या माणसाला स्वतःच्या हातातली एक गोष्ट सापडणे, हीच येथे सत्त्वावजय चिकित्सा होय.

आईला वेगळे विचारावे. १९९२ पासून दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी असली तरी घरी भाजलेली मिश्री अनेक माताभगिनी आजही लावतात, आणि रुग्णालयातील जागरणांत ती दिवसातून पाच-सहा वेळांवर जाते. तिचा धूर मुलाला लागत नाही. पण विडी सोडलेला नवरा आठवडाभरात त्याच डबीकडे वळतो, हे नेहमीचे आहे.

क्रम आणि अडचणी

अहितकर सात्म्य पादांशाने, म्हणजे चतुर्थांश भागाने, क्रमशः सोडावे असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. रोज १६ विड्या ओढणाऱ्याने १२, ८, ४ आणि मग शून्य, आणि मधली अंतरे क्रमाने एक, दोन, तीन दिवसांची, असा ढोबळ आराखडा होतो. इंग्लंडमध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र एकाच दिवशी सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवड्यांत कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर धूम्रपानमुक्त होते. माझे मत असे, की पादांशिक क्रमाची शिस्त पाळावी पण शून्याचा दिवस आधीच कॅलेंडरवर लिहून घ्यावा. ‘हळूहळू कमी करतो’ या शब्दांत तारीख नसेल तर तो क्रम नव्हे, टाळाटाळ आहे.

सोडल्यानंतर चिडचिड, अनिद्रा, अस्वस्थता आणि क्षुधावृद्धी ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात व तीन-चार आठवड्यांत ओसरतात. म्हणून मुलाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर शक्य तितके आधी हे व्हावे. मलावष्टंभ काहींना होतो. त्यासाठी रात्री त्रिफळा चूर्ण कोमट पाण्याबरोबर द्यावे. चहा-कॉफी निम्म्यावर आणावी, कारण धूम्रपान थांबल्यावर कॅफिन शरीरात अधिक काळ टिकते आणि झोप आणखी बिघडते. तलफेचा वेग चार-पाच मिनिटांत ओसरतो. तेवढ्यापुरती लवंग, बडीशेप किंवा ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरावी. ही केवळ सोबत आहे, औषध नव्हे. अवलंबित्व तीव्र असेल तर निकोटिन गम अथवा इतर औषधासाठी संबंधित डॉक्टरांकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. १८००-११-२३५६ ही २०१६ साली सुरू झालेली राष्ट्रीय मोफत सेवा आहे, तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

खरी कसोटी पुढे असते. मूल तापाने फणफणते, रक्ताचा अहवाल बिघडून येतो, रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची टपरी उघडी असते. त्या रात्री काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे : कोणाला फोन करायचा, कोणाबरोबर खाली उतरायचे, खिशात काय ठेवायचे. एखादी विडी ओढली गेली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी लावून माणसाला हिणवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रम पुढे चालू ठेवावा. आणि जेथे उपचारांना यश येत नाही, मूल जाते, तेथे आपला संबंध संपला असे समजू नये. सोडण्याचे कारणच हिरावले गेलेला बाप त्या महिन्यात पूर्वीपेक्षा अधिक ओढतो. दिवसकार्य झाल्यावर एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. त्या भेटीत विडीचा विषय काढू नये. पुढच्या भेटीत काढावा.

औषधी दुकानदार बंधूंना दोन विनंत्या आहेत. तंबाखूविरहित वनौषधी विडी-सिगारेट ‘सोडण्याचे साधन’ म्हणून विकू नये. कोणतेही पान जाळले की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच, आणि हातातोंडाची सवय तशीच राहते. दुसरे असे, की मुलाच्या काढ्याची बाटली नेण्यासाठी दर पंधरवड्याला येणारा पालक वैद्यापेक्षा आपल्याला अधिक वेळा भेटतो. पैसे घेताना "कसे चालले आहे, किती दिवस झाले?" एवढे विचारावे आणि उत्तराचा आकडा पावतीच्या मागे लिहून द्यावा, म्हणजे पुढच्या भेटीत तो वैद्याच्याही दृष्टीस पडेल.