बदलापूरला टिकली का नाही?

आमच्या आजीच्या देवघरात काळा गुळगुळीत शाळिग्राम आहे. त्याच्यावर गोल चक्र आहे. गुरुजींनी सांगितले, की ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा शंख. बाजारात माकूल मिळते ना, तिचा हा जुना नातेवाईक. तो मेला, चिखलात गाडला गेला आणि त्याचा दगड झाला. अशा दगडाला जीवाश्म म्हणतात.

शाळिग्राम नेपाळात गंडकी नदीत सापडतात. म्हणजे आता जिथे हिमालय आहे, तिथे पूर्वी समुद्र होता! त्याचे नाव टेथिस.

मग आम्ही मोठा नकाशा काढला आणि अमोनाइट सापडतात तिथे आईच्या टिकल्या लावल्या. गंडकी, हिमाचलातले स्पिती आणि गुजरातचे कच्छ यांना लाल टिकली. हे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे. तमिळनाडूतले अरियलूर आणि मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले बाग यांना हिरवी. हे नंतरचे. बाग तर समुद्रापासून किती लांब! पण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता.

मला वाटले, आपल्या गावाला पण टिकली पाहिजे. शेजारी घराच्या कामाला खाडीची रेती आली होती. त्यात मला शिंपला मिळाला. मी कोणाला न विचारता बदलापूरला लाल टिकली लावली.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "हा शिंपला खडकातून काढलास का?" मी म्हटलं, "नाही, रेतीतून." ते म्हणाले, "मग हा आत्ताचा आहे. टिकली काढ."

मला रडूच आलं. मग त्यांनी समजावले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातला काळा दगड लाव्हा थंड होऊन झाला आहे. त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. अंबरनाथचे सन १०६० चे शिवमंदिर याच काळ्या दगडाचे आहे. तापलेल्या लाव्हात शंख कसा टिकणार? खोटी टिकली लावली, तर बघणाऱ्याला वाटेल इथे अमोनाइट सापडतात.

मी टिकली काढली आणि तिथे काळा रंग दिला. काळा म्हणजे लाव्हा. नकाशा याच भिंतीवर आहे, बघा.

घरी आजीला सगळं सांगितलं. मला भीती वाटत होती, पण ती हसली. म्हणाली, "म्हणजे माझा देव डोंगरापेक्षा म्हातारा!"

तुमच्या घरी शाळिग्राम असेल तर जरूर पाहा. पण आजीला विचारून.