पेशीचे पहारेकरी

रोगप्रतिकार म्हटला की आपल्याला लस आणि प्रतिपिंडे आठवतात. परंतु नव्या शत्रूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर पेशीचे रक्षण कोण करते? मी मराठीचा विद्यार्थी. तरी एड्सविषयी वाचताना या प्रश्नाने मला धरून ठेवले. उत्तर असे, की पेशीपाशी जन्मतःच स्वतःचे पहारेकरी असतात.

एड्सचा विषाणू एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस होय. पेशीत माहिती सामान्यतः डीएनएकडून आरएनएकडे जाते. रेट्रोव्हायरस उलटी नक्कल करतो; आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून तो पेशीच्या गुणसूत्रात कायमचा बसवून देतो. ही नक्कल करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधले. डीएनए एकदा गुणसूत्रात बसला की शत्रू घरचाच होतो. म्हणून त्याला त्याआधी गाठणे महत्त्वाचे.

पहिला पहारेकरी 'ट्रिम-५-आल्फा' हे प्रथिन. ते पेशीत शिरलेल्या विषाणूच्या कवचाला वेढून त्याचा डाव मोडते. २००४ साली ते ऱ्हीसस माकडात सापडले. माकडाचे प्रथिन एचआयव्ही-१ ला अडवते, माणसाचे मात्र फारसे अडवत नाही. मानवी प्रथिनातील ३३२व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलले तर तेही त्याला अडवू लागते, असे पुढे दिसून आले. एवढ्याशा फरकाची केवढी किंमत माणसाने मोजली!

दुसरा पहारेकरी, 'सॅमएचडी-१', डीएनए रचण्याचा कच्चा मालच तोडतो. तिसरा, 'अपोबेक-३-जी', मला सर्वांत चतुर वाटतो. जुनी पोथी उतरवणाऱ्याने ओळीओळीत एक अक्षर बदलले तर पोथी निरर्थक होते. तसेच हा विषाणूच्या नकलेत सायटोसिनच्या जागी युरासिल घालत जातो. अशी बिघडलेली नक्कल निरुपयोगी ठरते. चौथा, 'टेथरिन', बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या विषाणूंना पेशीच्या पृष्ठभागाशीच बांधून ठेवतो.

मग एड्स होतोच कसा? कारण विषाणूही तोडीस तोड आहे. त्याचे 'व्हिफ' हे प्रथिन अपोबेकला पेशीच्याच कचरा-यंत्रणेकडून नष्ट करवते. 'व्हीपीयू' टेथरिनला निष्प्रभ करते. हा झगडा फार जुना आहे. आपल्या जनुकीय साहित्याचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहे.

आजची औषधे एचआयव्हीला दाबून ठेवतात, पण गुणसूत्रात बसलेला त्याचा डीएनए उपटून काढीत नाहीत. तरीही मला आशा वाटते. माकडाचे प्रथिन ज्या कवचावर घाव घालते, त्याच कवचावर काम करणारे लेनाकापाविर हे औषध २०२२ साली मान्यता पावले. निसर्गाने जी जागा हेरली, तीच अखेर माणसालाही सापडली. पेशीच्या या पहारेकऱ्यांकडून शिकण्यासारखे अजून पुष्कळ आहे.