गाठ काढल्यानंतरची लस

गाठ निघाली, स्कॅनही स्वच्छ आला, तरी काहींचा कर्करोग वर्ष-दोन वर्षांत उलटतो, कारण स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी मागे उरलेल्या असतात. नेमक्या याच टप्प्यावर रुग्णागणिक वेगळी लस देऊन पाहणे सुरू आहे, आणि माझ्या मते वेळेची ही निवडच त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. रोग अंगभर पसरल्यावर दिलेल्या लशी पूर्वी बहुतेक वाया गेल्या. शत्रू थोडे असतानाच प्रतिकारशक्तीला संधी असते. काढलेल्या गाठीची जनुके रुग्णाच्या रक्तातल्या जनुकांशी ताडून फक्त गाठीतच झालेले बदल हुडकतात, त्यांची माहिती एमआरएनएत, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणाऱ्या रेणूत, भरतात आणि स्निग्ध पदार्थाच्या नॅनोकणांत गुंडाळून टोचतात. हे आवरण नसेल, तर एमआरएनए पेशीत शिरण्याआधीच तुटतो.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या 157 रुग्णांवरील चाचणीत नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर 40 टक्के रुग्णांत रोग उलटला किंवा मृत्यू ओढवला. जोडीला लस असलेल्या गटात हे प्रमाण 22 टक्के होते. फरक डोळ्यांत भरणारा खरा, पण चाचणी लहान, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो ही शंका तिने पुरती फेडलेली नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 16 रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर इम्युनोथेरपी आणि केमोबरोबर लस दिली. आठ जणांत ती ‘लागली’, म्हणजे गाठीविरुद्ध प्रतिकारपेशी तयार झाल्या. सुमारे तीन वर्षांनी त्यांच्यापैकी दोघांत रोग परतला होता, उरलेल्या आठांपैकी सातांत. यावर कोणी म्हणेल, लस लागलेल्या आठांची प्रतिकारशक्ती मुळातच दणकट असेल. संशोधकांनी तेही तपासले: कोविड लशीला दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखाच होता. आक्षेप बराच दुबळा होतो, संपत नाही. लस न दिलेला तुलनेचा गटच तिथे नव्हता.

म्हणून ‘लस येतेय, तोवर केमो थांबवू’ हा हिशेब घातक आहे. या चाचण्यांतही लस इतर उपचारांच्या जोडीने दिली, त्यांच्याऐवजी नाही. तुम्ही करण्यासारखे एक काम मात्र आहे, कारण अशी लस गाठीच्या जनुकांवरूनच बनते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो. तो आणि स्लाइड कुठे आहेत, किती वर्षे ठेवतात, हे विचारून फाइलमध्ये लिहून ठेवा. आणि कोणी आजच लाखो रुपये घेऊन ‘तुमच्यासाठी खास लस’ देऊ करत असेल, तर आधी चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, तो तिच्या संकेतस्थळावर पडताळा आणि कागद तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा.