चेन सॉची कुरकुर : स्क्रूला हात शेवटी



चांदूर बाजारकडे उसाच्या शेजारी संत्र्याची बाग ठरलेलीच. बागेतली सल काढायला, वाळलेलं झाड उतरवायला, धुऱ्यावरची बाभूळ तोडायला आता चेन सॉ वापरतात. वर्षातून दोन-तीनदा ती बाहेर निघते आणि नेमकी तेव्हाच कुरकुरते. रेस दिली की बंद पडते. मग पेचकस घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवणे सुरू होते. आमचे म्हणणे असे, की स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.

मोटारसायकलच्या कार्बोरेटरात पेट्रोलची वाटी असते. चेन सॉ आडवी-तिरपी धरावी लागते, तिथे वाटी चालत नाही. म्हणून आत रबरी पडदे असतात. एक पेट्रोल ओढतो, दुसरा ते मोजून सोडतो. पडदा कडक झाला की पेट्रोल कमी पडते, मग स्क्रू कितीही फिरवा.

पडदा कडक का होतो? इथे आपल्याच घरची गोष्ट येते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 साली मिरज आणि मनमाडला झाला. देशाने 2022 मध्ये 10 टक्के आणि 2025 मध्ये 20 टक्के मिश्रण गाठले. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, चांगलेच झाले. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. महिनोन्‌महिने टाकीत राहिले तर पाणी-इथेनॉल तळाशी बसते आणि टाकीतला फिल्टर तेच ओढतो. जुने रबरही त्याने बिघडते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याच सेटिंगवर मिश्रण पातळ होते. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. पातळ मिश्रणावर ते तापते आणि पिस्टन धरतो. बऱ्याच मशीनच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. आपले पुस्तक उघडून पाहा बरं.

तेव्हा आधी जुने पेट्रोल काढून टाका. एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. टाकीतला फिल्टर, नळीची चीर आणि प्लग पाहा. मग ताजे पेट्रोल घ्या. पुस्तकात 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल; अंदाजाने ओतू नका. निम्म्या मशीन एवढ्यावरच सुरू होतात, असे आम्हाला वाटते.

तरी नाही जमले, तर स्क्रू. आधी ते किती फेरे बाहेर आहेत, मोजून लिहून ठेवा. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर फिरवला की जास्त. अलगद आत टेकवा, आवळू नका, सुई खराब होते. मग पुस्तकातले फेरे बाहेर घ्या. बऱ्याच मशीनला ते सुमारे एक असतात. पट्टी-साखळी लावलेली, मशीन मोकळ्या जमिनीवर, इंजिन गरम. एल स्क्रू हळूहळू फिरवून स्लो सर्वांत चढे तिथे थांबा, मग थोडा बाहेर. रेस लगेच उचलली पाहिजे. त्यानंतर स्लोच्या स्क्रूने वेग इतका उतरवा की साखळी अगदी थांबेल. साखळी फिरत असेल तर ती मशीन हातात घेऊ नये.

एच स्क्रूला मात्र जपा. भर रेसला रिकामी चालवताना आवाज जरा फरफरता हवा. लाकडात घातली की साफ व्हावा. शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज म्हणजे पेट्रोल कमी. लगेच बाहेर फिरवा. भर रेस दोन-चार सेकंदच. काही मशीनच्या स्क्रूला टोपी असते, काहींना एच स्क्रूच नसतो; तिथे जबरदस्ती नको.

एवढ्यावरही रेस उचलत नसेल तर पडद्यांचा संच बदला. कार्बोरेटरवरचा नंबर दाखवूनच आणा आणि उघडताना मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर पडदा आणि गॅस्केट उलटे बसतात. स्लोचा वेग आपोआप वर-खाली होत असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. तिथे पेचकस ठेवून परतवाडा किंवा अमरावतीच्या मिस्तरीकडे न्या. आणि काम संपले की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा, मगच खोलीत ठेवा.