अल्प भांडवलाच्या लघुपटाचा आरंभ

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी लघुपटाचा दोन मिनिटांचा आरंभ चित्रित करणार आहोत. भांडवल नाममात्र आहे. भयपट घ्यावा, की अन्य प्रकार?
— एक विद्यार्थी, पोखर्णी (जि. परभणी)

उत्तर : भयपटाचे आकर्षण तुमच्या वयास साजेसे असले, तरी ज्या प्रकारात रात्रीचा प्रकाश आणि रंगभूषा यांवर खर्च पडतो व त्यांतील किंचित उणीवही प्रेक्षकाला हास्यास्पद वाटते, तो रिकाम्या खिशाने पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रहस्यपट घ्या. माहिती रोखून धरणे हेच त्याचे भांडवल, आणि त्यास दाम पडत नाही : तुमच्या गावच्या नृसिंहाच्या दर्शनार्थींची वर्दळ ओसरल्यावर भर दुपारी शिवाराकडे जाणारी वाट, तीवर पडलेली एकच पिशवी, आणि परळीकडे निघालेल्या, परंतु न दिसणाऱ्या आगगाडीची शिटी, एवढ्यावर दोन मिनिटे निभतात. ध्वनी मात्र स्वतंत्र मुद्रित करा. धूसर चित्राला प्रेक्षक क्षमा करतो, अस्पष्ट संवादाला नाही. गाडीच्या शिटीसाठी स्थानकावर गेलात, तरी फलाटावर रेल्वेच्या लेखी परवानगीवाचून चित्रण करू नये.

सामाजिक विषयाची ओढ खरी असेल, तर तोही मार्ग मोकळा आहे. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर येथे शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; आणि अल्प साधनांचे म्हणाल, तर दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास बीजाचे रोप होताना टिपून भांडवलदाराचा विश्वास संपादन केला.

संहिता प्रथम कागदावर उतरवा, आणि मगच कॅमेरा हाती घ्या.